मिल्ड्रेड बर्कच्या पट्ट्याचे दोन वंश

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीच्या दप्तरी महिला अजिंक्यपदाची पहिली नोंद १८ सप्टेंबर १९५६ ची आहे. गाव बाल्टिमोर, विजेती फॅब्युलस मूला. त्याखालची नोंद थेट २३ जुलै १९८४ ची. म्हणजे मधले १०,१७० दिवस पट्टा एकाच बाईच्या कमरेला होता. कंपनी हा विक्रम मोठ्या अभिमानाने सांगते, आणि कुस्तीचे चाहतेही तो पाठ असल्यासारखा म्हणून दाखवतात.

हा विक्रम खरा नाही. मधल्या काळात मूला निदान चारदा तरी हरली होती: १९६६ मध्ये बेट बूशेकडून, १९६८ मध्ये जपानच्या दौऱ्यावर युकिको तोमोएकडून, १९७६ मध्ये स्यू ग्रीनकडून आणि १९७८ मध्ये एव्हलिन स्टीव्हन्सकडून. प्रत्येक वेळी तिने थोड्याच दिवसांत पट्टा परत मिळवला आणि त्या हारी यादीतून गळल्या. १९५६ साली तर ही कंपनी या नावाने अस्तित्वातही नव्हती. आणि महिलांचं जागतिक अजिंक्यपद त्याआधी जवळजवळ वीस वर्षं एक दुसरीच बाई गाजवत होती. तिचं नाव मिल्ड्रेड बर्क.

व्यावसायिक कुस्तीतले निकाल आधी ठरलेले असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणून नावं ठेवतात. तिथे तोच रीतसर धंदा आहे, आणि त्यात लागणारं अंगबळ, चपळाई आणि सोसलेल्या दुखापती पूर्ण खऱ्या आहेत. पण निकाल ठरलेला असला की पट्ट्याचा अर्थ बदलतो. जिच्या नावावर तिकिटं खपतील आणि जिच्यावर आयोजकाचा भरवसा असेल, तिला पट्टा मिळतो. त्याबरोबर जाहिरातीत वरचं नाव येतं, गल्ल्यातला मोठा वाटा येतो. त्यामुळे कुणी कुणाला हरवलं एवढी यादी वाचून या किताबाचा इतिहास कळत नाही. निकाल कुणी ठरवला, पैसे कुणाकडे गेले आणि पट्ट्याची मालकी कुणाची होती, हे विचारावं लागतं. माझ्या मते या किताबाच्या सगळ्यात मोठ्या लढती त्या मालकीवरूनच झाल्या आहेत.

बर्कचा जन्म १९१५ चा, कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिल गावातला. तिशीच्या दशकातली मंदी, लहान वयात झालेलं लग्न, पोटात मूल असताना सोडून गेलेला नवरा, आणि कॅन्सस सिटीत आईच्या खानावळीतलं काम, अशी तिची सुरुवात. तिथे तिने कुस्ती पाहिली आणि बिली वूल्फ नावाच्या पैलवान-आयोजकाच्या मागे लागली की मला शिकवा. ती सांगायची, की हिची हौस एकदाची फिटावी म्हणून वूल्फने एका तरुण पैलवानाला तिला आपटायला सांगितलं आणि तिनेच त्याला उचलून आपटलं. उंची पाच फूट दोन इंच, पण दंड आणि मांड्या अशा की त्या काळच्या छायाचित्रांत त्या पाहून आजही थबकायला होतं.

वूल्फ तिला गावोगावच्या जत्रांतून फिरवू लागला. आव्हान असं, की साधारण तिच्याच वजनाच्या कुणाही पुरुषाने दहा मिनिटांत तिचे खांदे टेकवले तर त्याला पंचवीस डॉलर. मंदीत ही रक्कम लहान नव्हती. दोनशेहून अधिक पुरुषांशी लढले आणि एकदाच हरले, असा तिचा दावा होता. जानेवारी १९३७ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा इथे क्लारा मॉर्टेन्सनला हरवून ती महिलांची जागतिक विजेती ठरली. एप्रिलमध्ये पट्टा गेला, लगेच परत आला, आणि मग अनेक वर्षं तिच्याचकडे राहिला. चाळिशीच्या दशकात ती पांढऱ्या झग्यात, अंगभर चमचमत्या खड्यांनिशी रिंगणात उतरायची आणि पुरुषांच्या लढतींइतकी गर्दी खेचायची.

वूल्फशी तिने लग्नही केलं होतं. ते प्रेमाचं होतं असं दोघांपैकी कुणी फारसं भासवलं नाही. ओहायोतल्या कोलंबस शहरातून वूल्फने बायकांच्या कुस्तीची जवळपास मक्तेदारी उभी केली. देशभरातल्या आयोजकाला महिला पैलवान हवी असली तर फोन त्यालाच करावा लागे, आणि प्रत्येकीच्या कमाईतला मोठा हिस्सा तो ठेवून घेई. त्यातल्या कित्येकींशी त्याचे संबंध होते आणि ते बर्कपासून लपलेले नव्हते. मारहाण होती. १९५२ मध्ये घटस्फोट झाला. दुसऱ्या वर्षी बर्कने तीस हजार डॉलर मोजून त्याचा धंदा विकत घेतला. वूल्फने पाच वर्षं या व्यवसायात पाऊल टाकायचं नाही, असा त्यात करार होता.

त्याने तो पाळला नाही. देशातल्या आयोजकांची संघटना, नॅशनल रेसलिंग अलायन्स, १९४८ पासून सगळा बाजार ताब्यात ठेवून होती. तिचे सगळे सदस्य पुरुष. त्यांची वूल्फशी जुनी ऊठबस. त्यांनी बर्कसाठी दारं बंद केली. आता तिच्याकडे उरला होता फक्त पट्टा. तोही काढून घेण्यासाठी वूल्फने जून बायर्सला पुढे केलं. बायर्स उंच, ताकदवान, आणि वूल्फची सून.

२० ऑगस्ट १९५४ ला अटलांटात दोघी समोरासमोर आल्या. या लढतीचा निकाल ठरलेला नव्हता. तीन डावांपैकी दोन जिंकायचे, आणि कुस्ती खरी. बर्कने एकोणचाळिशी पार केली होती आणि गुडघा आधीच अधू होता. पहिल्या डावात गुडघा निखळला तेव्हा तो जागेवर बसवायला उसंत मिळावी म्हणून तिने तो डाव सोडला, असं तिने नंतर सांगितलं. दुसरा डाव कुणालाच जिंकता येईना. एकमेकींना धरून, दाबून, खऱ्या ताकदीने चाललेली ही झुंज बघणाऱ्यांना कंटाळवाणी वाटली असणार. खरी कुस्ती बरेचदा तशीच दिसते. तासाभराने अधिकाऱ्यांनी लढत थांबवली. बर्क म्हणाली, दोन डाव गेलेच नाहीत, मग मी हरले कशी? वर्तमानपत्रांनी आणि आयोजकांनी बायर्सला विजेती मानलं.

त्याच १९५४ साली मुंबईत हमीदा बानू नावाच्या पैलवानाने व्हेरा चिस्टिलिन या रशियन पैलवान बाईला मिनिटभराच्या आत चीत केलं होतं. हमीदाही पुरुषांना आव्हान द्यायची, की मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा. पुढे तिने युरोपात लढायला जाण्याचं जाहीर केलं, आणि ती एकाएकी आखाड्यातून दिसेनाशी झाली. ज्याच्या हाताखाली ती तयार झाली त्यानेच तिला जाऊ न देण्यासाठी तिचे हातपाय मोडले, अशी आठवण तिच्या घरच्यांनी सांगितली आहे. ती कल्याणला राहिली, दूध विकून जगली आणि १९८६ मध्ये गेली. बर्कला आणि तिला एकमेकींची नावंही ठाऊक नसतील. पण दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की जगाच्या दोन टोकांना एकच हात काम करताना दिसतो.

बर्कने मात्र हार मानली नाही. तिने वर्ल्ड विमेन्स रेसलिंग असोसिएशन नावाची स्वतःची संस्था काढली आणि अटलांटानंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर १९५४ मध्ये, आपल्या सहकारी पैलवान बायकांना घेऊन जपानला गेली. इथून या किताबाचे दोन वंश सुरू होतात. एक अमेरिकेत, तो पुरुष आयोजकांच्या आणि पुढे मूलाच्या मुठीत राहिला. दुसरा जपानमध्ये, बर्कच्या संस्थेच्या नावाने.

अमेरिकेतला आधी पाहू. मूलाचं खरं नाव मेरी लिलियन एलिसन, दक्षिण कॅरोलायनाची. कुस्तीत का यायचंय असं एका आयोजकाने विचारल्यावर पैशासाठी, असं तिने रोखठोक सांगितलं. त्या उत्तरावरूनच तिचं नाव पडलं. १९५६ मध्ये तेरा जणींच्या एकत्र लढतीत शेवटी ज्युडी ग्रेबलला हरवून तिने जो पट्टा मिळवला तो सगळ्यांनी मानलेला नव्हता. बायर्स होतीच. १९६४ मध्ये मोटार अपघातानंतर बायर्स निवृत्त झाली, तेव्हा कुठे मूलाला सर्वमान्यता मिळाली. न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या कुस्तीवर बंदी होती. ती उठल्यावर १ जुलै १९७२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांची पहिली लढत झाली आणि ती मूलाचीच होती. तिचं हे श्रेय नाकारता येत नाही.

पण वूल्फचा धंदा ती वूल्फकडूनच शिकली होती. कोलंबिया शहरात तिचा कुस्तीचा तळ होता. मुली तिथे राहायच्या, घरभाडं द्यायच्या, शिकायच्या, आणि पुढे प्रत्येक लढतीच्या पैशातला साधारण पाव हिस्सा तिला द्यायच्या. पट्टाही तिचाच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिने त्याचे हक्कच विकत घेतले. विजेती, शिक्षिका, मुनीम आणि मालकीण एकच असेल, तर दुसरी कुणी मोठी होणार कशी? त्या दशकांत अमेरिकेत महिला कुस्ती जी खुरटली त्याचं मोठं कारण मला इथे दिसतं. याहून गंभीर आरोपही झाले, की मुलींचं आर्थिक आणि लैंगिक शोषण या तळावरून चालत असे. तिच्या काही शिष्यांनी ते फेटाळले आहेत. २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने महिलांच्या एका मोठ्या लढतीला मूलाचं नाव दिलं, तेव्हा चाहत्यांनी इतका विरोध केला आणि प्रायोजक कंपनीनेही अशी नाराजी कळवली, की काही दिवसांतच ते नाव मागे घ्यावं लागलं.

१९८३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा, म्हणजे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा, मालक व्हिन्स मॅकमॅन याने मूलाकडून हा किताब विकत घेतला. पुढच्या वर्षी २३ जुलैला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वेंडी रिक्टरने तिला हरवलं. रिक्टरच्या बाजूला उभी होती गायिका सिंडी लॉपर. त्या रात्री अकरा लढती झाल्या, पण एमटीव्ही या संगीतवाहिनीने थेट दाखवली ती एकच, बायकांची. तरुण अमेरिकेला कुस्तीची गोडी लावण्यात पैलवान हल्क होगनचं नाव नेहमी घेतलं जातं. त्या दाराची कडी काढणाऱ्यांत रिक्टर आणि लॉपर होत्या, हे क्वचितच सांगितलं जातं.

रिक्टरची किंमत मात्र कंपनीने त्या हिशेबाने केली नाही. पैशांवरून तिचे मॅकमॅनशी वाद चालू होते. २५ नोव्हेंबर १९८५ ला त्याच सभागृहात तिची लढत स्पायडर लेडी नावाच्या बुरखाधारी पैलवानाशी ठेवली गेली. ठरलं होतं की रिक्टर जिंकेल. लढत सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की बुरख्याआड मूला आहे. मूलाने तिला आवळून खाली घेतलं, रिक्टरने एक म्हणताच खांदा उचलला, पण पंचाने तीनपर्यंत मोजणी पुरी केली. घंटा वाजली. रिक्टरला काय चाललंय ते कळेना. ती लढतच राहिली, तिने बुरखा ओरबाडून काढला. निवेदकाने मूलाला विजेती जाहीर केलं. रिक्टर कपडेही न बदलता बाहेर पडली, टॅक्सी करून विमानतळावर गेली, आणि कंपनीत परतली नाही. बारा वर्षांनी मॉन्ट्रियलमध्ये याच कंपनीचा विजेता ब्रेट हार्ट याच्याबरोबर हाच प्रकार घडला तो जगभर गाजला. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते जमवणाऱ्या आपल्याकडच्या एका पिढीलाही तो ठाऊक आहे. त्याची पहिली तालीम एका बाईवर झाली होती.

यानंतर पट्टा मूलाकडून शेरी मार्टेलकडे, तिच्याकडून रॉकिन रॉबिनकडे गेला आणि १९९० मध्ये कंपनीने तो गुंडाळूनच ठेवला.

जपानमध्ये याच काळात अगदी वेगळं घडत होतं. १९६८ मध्ये मात्सुनागा बंधूंनी ऑल जपान विमेन्स ही संस्था स्थापन केली आणि बर्कच्या संस्थेचा किताब आपला सर्वोच्च मान म्हणून घेतला. १९७० मध्ये आइको क्योने अमेरिकन पैलवानाकडून तो जिंकला. त्याच्या लाल पट्टीमुळे सगळे त्याला लाल पट्टा म्हणत. जॅकी सातो आणि माकी उएदा ही ब्यूटी पेअर जोडी १९७६ पासून एवढी लोकप्रिय झाली की त्यांची गाणी घरोघर वाजू लागली. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका यांच्या क्रश गॅल्सनी तर कहर केला. फुजी टेलिव्हिजनवर त्यांच्या लढती लागत आणि सभागृहं शाळकरी मुलींनी भरून जात. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात नागायो आणि खलनायिका डंप मात्सुमोतो यांच्यात अशी लढत झाली, की हरणारीचं मुंडण. नागायो हरली. तिचे केस उतरवले जात असताना हजारो मुली ओक्साबोक्शी रडत होत्या.

इथे प्रेक्षकच बदलला होता. अमेरिकेत आयोजक बायकांची कुस्ती पुरुषांच्या नजरेसाठी मांडत होते. जपानमध्ये मुली मुलींना बघत होत्या, आणि त्यांना ताकद बघायची होती, भांडण, मैत्री, जिद्द बघायची होती. म्हणून कुस्तीचा दर्जाही चढत गेला. मानामी तोयोता, आजा काँग यांच्या नव्वदच्या दशकातल्या लढती पाहाव्यात. वेग, उड्या आणि सहनशक्ती यांत त्या काळचे पुरुष पैलवानही त्यांच्यापुढे संथ वाटतात. अर्थात मालक इथेही पुरुषच होते. दारू, सिगरेट आणि पुरुष या तिन्हींना पैलवान मुलींसाठी बंदी होती. पंचविशी-सव्विशीत निवृत्त व्हायचं, हा अलिखित नियम होता. कित्येकींना ऐन भरात असताना थांबावं लागलं.

लाल पट्टा सर्वांत मोठ्या दिमाखात मिरवला तो बुल नाकानोने. निळ्या रंगात रंगवलेला चेहरा, आभाळाकडे उभे केलेले केस आणि धिप्पाड देह. जानेवारी १९९० ते नोव्हेंबर १९९२ असे १,०५७ दिवस तो तिच्याकडे होता. यातला एकही दिवस कागदावर फुगवलेला नाही.

आणि मग दोन्ही वंश एका रिंगणात आले. अमेरिकेत मॅकमॅनने डिसेंबर १९९३ मध्ये महिला किताब पुन्हा सुरू केला होता आणि तो अलंड्रा ब्लेझ या नावाने लढणाऱ्या मडूसाला दिला होता. मडूसा जपानमध्ये राहून, ऑल जपान विमेन्समध्ये झुंजून तयार झालेली. तिच्या तोडीची प्रतिस्पर्धी अमेरिकेत नव्हती, म्हणून नाकानोला बोलावलं गेलं. २० नोव्हेंबर १९९४ ला तोक्यो डोममध्ये, दिवसभर चाललेल्या महिला कुस्तीच्या महोत्सवात नाकानोने तिला हरवून अमेरिकन पट्टा जिंकला. बर्क १९८९ मध्ये वारली होती. तिच्यापासून फुटलेल्या दोन्ही किताबांवर एकाच पैलवानाचं नाव लागलेलं बघायला ती नव्हती.

दुर्दैवाने कंपनीला या दर्जाचं मोल नव्हतं. १९९५ च्या अखेरीस खर्चकपातीत ब्लेझला काढून टाकलं. तोवर पट्टा परत तिच्याकडे आला होता, आणि तो तिच्याकडेच राहिला. १८ डिसेंबरला ती प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीच्या कार्यक्रमात आली आणि थेट प्रक्षेपणात तिने तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ब्रेट हार्टला दोन वर्षांनी फसवलं गेलं त्यामागे हीच धास्ती होती, की तोही पट्टा घेऊन तिकडे जाईल. ब्लेझचं नाव पुढे वीस वर्षं डब्ल्यूडब्ल्यूईत कुणी काढलं नाही. २०१५ मध्ये तिला मानाच्या यादीत घेतलं तेव्हा तिने तोच पट्टा व्यासपीठावर आणलेल्या कचऱ्याच्या डब्यातून बाहेर काढला.

१९९८ मध्ये किताब पुन्हा आला, पण कपडे फाडण्याच्या लढतींच्या गदारोळात. त्याही चिखलातून ट्रिश स्ट्रॅटस आणि लिटाने आपल्या कामाने मान मिळवला. ६ डिसेंबर २००४ ला त्यांची लढत कंपनीच्या सोमवारच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात शेवटची, म्हणजे मुख्य होती. २०१० मध्ये मात्र तो किताब बंद करून फुलपाखराच्या आकाराचा, ‘दिवाज’ नावाचा महिलांचा दुसरा पट्टा तेवढा ठेवला गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये चार जणींची लढत जेमतेम तीस सेकंदांत उरकली तेव्हा चाहते भडकले. महिलांना संधी द्या, ही मागणी समाजमाध्यमांवर इतकी पसरली की कंपनीला दखल घ्यावी लागली. ३ एप्रिल २०१६ ला रेसलमेनिया या कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात फुलपाखरू गेलं, नवा महिला किताब आला आणि शार्लट फ्लेअरने तो जिंकला. तीन वर्षांनी याच सोहळ्याची मुख्य लढत पहिल्यांदा बायकांची झाली; बेकी लिंच जिंकली.

नवा किताब आणताना कंपनीने त्याची मोजणी शून्यापासून सुरू केली. मूलाची यादी वेगळी ठेवली, आणि बर्कला त्याच वर्षी दिवंगतांच्या मानयादीत एक जागा दिली. मला हे अपुरं वाटतं. १९३७ पासूनची परंपरा तिच्या सगळ्या हारींसकट, फसवणुकींसकट लिहिली गेली पाहिजे. तेवढं त्या बायकांचं नक्कीच देणं आहे.

जपानमध्ये ऑल जपान विमेन्स २००५ मध्ये बंद पडली आणि लाल पट्टाही लवकरच थांबला. पण रंगांची ती रीत टिकली. २०११ पासून लढती भरवणाऱ्या स्टारडम या जपानी संस्थेचा सर्वोच्च किताब लाल पट्ट्याचा आहे. इयो शिराईने तो तिथे दोनदा मिळवला, मग ती अमेरिकेत आली, आणि ५ ऑगस्ट २०२३ ला डेट्रॉइटमध्ये, इयो स्काय या नावाने, डब्ल्यूडब्ल्यूईची महिला विजेती झाली.